फासळ्या

सागवान नको, म्हणाला कायतान.
मी तुकडा कापडात गुंडाळून नेला होता
अजमानच्या खाडीवरून, मोडीत काढलेल्या गलबताच्या कण्यातला,
साठ वर्षं खारं पाणी प्यालेला,
हात फिरवला तर तुपाचा लागेल असा.
त्याने तो तळव्यावर तोलला
बाजारात सुरमई तोलावी तसा,
आणि परत दिला.
"हें बोटीक बरें. हाका बुडचें न्हय, इतलेंच कळटा."

शारजात, टायरवाल्याच्या आणि लाँड्रीच्या मधोमध त्याचं दुकान.
भिंतीवर पोट उघडलेल्या गिटारी, दोन ऊद,
एक बिनगळ्याचं व्हायोलिन.
एसी बाराही महिने. दमटपणाचा काटा पंचेचाळिसावर.
दार उघडलं की ऑगस्ट आत येतो,
तोंडावर ओला टॉवेल टाकल्यासारखा.

मी जॉइनरीत, बावीस वर्षं.
मॉलमधल्या दुकानांना अक्रोडाचं कातडं चिकटवतो,
आत भुशाची फळी.
बापाने कुडाळात दारं केली.
चौकट उचलायला चार माणसं लागली
की तो खुशीत विडी पेटवायचा.
जड ते चांगलं. घरात एवढंच शिकलो.

इथे उलटं.
तारा ओढतात सत्तर किलोने, रात्रंदिवस,
आणि वरची फळी अडीच मिलिमीटरची.
तिला वाकू द्यायचं नाही,
थरथरू द्यायचं.
त्यासाठी आतून फासळ्या,
हलक्या, ताठ,
एकदा पोट बंद झालं की कुणालाही न दिसणाऱ्या.

"कुणासाठी करतोस?" फोरमन दुराईने विचारलं.
मला वाजवता येत नाही, हे त्याला माहीत आहे.
मी म्हटलं, बघू.
त्याने सेंट्रिंगच्या ढिगाकडे बोट केलं. ने, हवं ते.
पिवळ्या रंगाच्या तुळया, थंड मुलखातला स्प्रूस.
ओल्या स्लॅबचं ओझं काही दिवस धरायचं,
दहा-वीस मजले चढायचे,
मग भंगारात.
अकरा तुकडे उचलले. सगळ्यांवर सिमेंटचा पापुद्रा.

कायतानने करवत लपवली.
पटाशी दिली. "फोड."
करवत सरळ जाते, लाकडाला न विचारता.
पटाशी लाकूड नेईल तिकडे जाते.
पहिला पिळत फुटला, सुंभासारखा.
दुसऱ्यात गाठ. तिसऱ्यात राळेची थैली,
बोटं दिवसभर चिकट.
सहावा बरा दिसला, कानाशी धरून टिचकी मारली,
ओल्या पुठ्ठ्याचा आवाज.

नववा फुटताना कुरकुरलाही नाही.
वरपासून खालपर्यंत उघडला
नव्या वहीसारखा.
अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत रेषा मोजल्या: चौदा.
मोजायला चष्मा दोनदा पुसावा लागला.
चौदा हिवाळे, नखाएवढे.
चिमटीत लोंबता धरून टिचकी मारली.
वाजला.
पुन्हा मारली, उगाच.

आता तीन शुक्रवार रंधा चालू आहे.
रेषा उभ्या ठेवून, मध्ये उंच, टोकांकडे उतरतं.
ढलप्या पडतात कांद्याच्या सालीसारख्या
आणि कायतान दर ढलपीला फळीवर अंगठा आपटतो,
मान हलवतो. मुकी आहे अजून.
एक जास्त निघाली तर वर्षभरात गिटारीचं पोट सुटेल.
कुठे थांबायचं ते टेपवर लिहिलेलं नाही.
बाप असता तर म्हणाला असता,
एवढं काढूनच टाकायचं तर लाकूड आणलंस कशाला?

दुपारी लाँड्रीचं मशीन थांबलं.
कायतानने एसीही बंद केला, ऐकायला.
घाम कपाळावरून उतरून भुवईत अडला.
रंधा माझ्या हातात, अधांतरी.
त्याने अंगठा आपटला.
"आनीक एक," म्हणाला.
मी रंधा टेकवणार तोच,
"राव.
राव मरे. परत एकदां पळयतां."